पहिल्या अनुभवांची मुदत

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये तान्ह्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना त्यांनी हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ हे आवाज ऐकवले. आवाज बदलला की बाजूला खेळणे दिसते, हे बाळांना आधी शिकवलेले होते. त्यामुळे ज्याला फरक कळे ते बाळ तिकडे मान वळवी. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी मान वळवली. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांनी वळवली. या बाळांच्या कानांत काही दोष नव्हता. घरात ज्या फरकाला काही किंमत नव्हती, तो त्यांच्या मेंदूने वर्षाच्या आत सोडून दिला होता. हिंदी घरांतील त्याच वयाच्या बाळांना तो सहज कळत होता.

लोधीखेड्यातल्या बाळाकडूनही तो सुटत नाही. नागपूर आणि छिंदवाडा यांच्या दरम्यानचे, सौंसर तालुक्यातले हे गाव मध्य प्रदेशात आहे, पण घरांत मराठी बोलली जाते. शाळेत आणि कचेरीत हिंदी असते. आई ‘ताट’ म्हणते तेव्हा दोन्ही आवाज एकाच शब्दात बाळाच्या कानावर पडतात आणि मेंदूतल्या ज्या जोडण्या हा फरक टिपतात त्या वापरात राहतात.

अनुभवामुळे मेंदूत नेमके काय बदलते? ते किती वयापर्यंत बदलू शकते? आणि वेळेवर न मिळालेला अनुभव पुढे भरून काढता येतो का? गेल्या साठ वर्षांच्या संशोधनाने या तीन प्रश्नांची बरीच पक्की उत्तरे दिली आहेत. आईबापांना त्यातून धीर मिळतो. शासनाच्या आरोग्य यंत्रणेला मात्र त्यातून एक कडक वेळापत्रक मिळते.

आधी भरपूर, मग निवड

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांतल्या बहुतेक जन्माआधीच तयार झालेल्या असतात. जन्मानंतर झपाट्याने वाढतात त्या पेशींमधल्या जोडण्या, म्हणजे चेतासंधी किंवा सिनॅप्स. एका पेशीतून निघालेले रसायन मधली अतिसूक्ष्म फट ओलांडून दुसऱ्या पेशीवरच्या ग्राहींना जाऊन मिळते. पाहणे, ऐकणे, आठवणे हे सारे या देवाणघेवाणीवर चालते.

या जोडण्या वयानुसार किती असतात, हे शिकागो विद्यापीठातील पीटर हुटनलोकर यांनी निरनिराळ्या वयांत मृत्यू पावलेल्या माणसांच्या मेंदूंचे नमुने घेऊन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चेतासंधी मोजून पाहिले. १९९७ मध्ये त्यांनी अरुण दाभोळकर यांच्यासोबत प्रसिद्ध केलेला निबंध या क्षेत्रातला आधारस्तंभ मानला जातो. त्यातून दिसले की मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी पिकत नाहीत. ऐकण्याच्या भागात चेतासंधींची दाटी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास कळस गाठते. कपाळामागच्या, विचार आणि संयमाशी संबंधित भागात हा कळस पंधरा महिन्यांनंतर येतो. दृष्टीच्या भागात तो आठव्या महिन्याच्या सुमारास येतो, हे हुटनलोकर यांच्या आधीच्या कामातून कळले होते. त्यानंतर घट सुरू होते. श्रवणाच्या भागात ती बाराव्या वर्षापर्यंत संपते, कपाळामागच्या भागात किशोरवयाच्या मध्यापर्यंत चालू राहते.

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातल्या संत्रा बागायतदाराला ही रीत ओळखीची वाटेल. आंबिया बहारात झाड जितकी फुले धरते तितकी फळे ठेवत नाही. बरीच गळतात, म्हणून उरलेली पोसली जातात. मेंदूत मात्र कोणती जोडणी राहणार हे बरेचसे वापरावरून ठरते. म्हणूनच चेतासंधींची संख्या वाढवणे हे बालविकासाचे ध्येय असू शकत नाही. आठ महिन्यांच्या बाळाच्या दृष्टिभागात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चेतासंधी असतात, पण त्याला आपल्याइतके स्पष्ट दिसत नाही.

एक डोळा मिटला तर

वापराने निवड होते, याचा पहिला भक्कम पुरावा हार्वर्डमधील डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी दिला. मांजरीच्या पिल्लाची एक पापणी त्यांनी पहिले काही आठवडे शिवून बंद ठेवली आणि नंतर उघडली. डोळा निरोगी होता. पण मेंदूच्या दृष्टिभागातल्या जवळजवळ सगळ्या पेशी आता उघड्या राहिलेल्या डोळ्यालाच प्रतिसाद देत होत्या. मोठ्या मांजरीवर हाच प्रयोग केला तेव्हा काही बिघडले नाही. पिल्लाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात तर अवघे तीन-चार दिवस डोळा मिटल्यानेही परिणाम दिसला. आणखी एक गोष्ट विलक्षण होती. दोन्ही डोळे मिटले तर नुकसान अपेक्षेपेक्षा कमी होत होते. म्हणजे बंद डोळ्याच्या जोडण्या नुसत्या न वापरल्यामुळे जात नव्हत्या, तर उघड्या डोळ्याच्या जोडण्या त्यांची जागा घेत होत्या. या कामासाठी दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज लहान मुलांच्या नेत्रचिकित्सेत जी घाई केली जाते तिचा पाया हा आहे. जन्मतः एकाच डोळ्यात मोतीबिंदू असेल तर पहिल्या सहा आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास दृष्टी सर्वांत चांगली येते. दोन्ही डोळ्यांत असेल तर थोडी अधिक सवड असते, तरी तीही आठवड्यांतच मोजायची. आळशी डोळ्यासाठी चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकतात. बिनवापराच्या डोळ्याला मेंदूतली जागा परत मिळवून देणे, एवढाच त्या पट्टीचा हेतू असतो.

कॅनडातील डॅफ्नी मॉरर आणि टेरी लुईस यांनी एका किंवा दोन्ही डोळ्यांत जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळांची नजर शस्त्रक्रियेनंतर कॉन्टॅक्ट लेन्स बसवताच मोजली आणि तासाभराने पुन्हा मोजली. एका तासाच्या पाहण्याने नजर सुधारलेली होती. पण दोन्ही डोळ्यांत असा मोतीबिंदू असलेली मुले वर्षानुवर्षे नीट पाहत राहिल्यावरही चेहऱ्यातले सूक्ष्म अंतर, म्हणजे डोळे-नाक-ओठ एकमेकांपासून किती दूर आहेत, हे ओळखण्यात मागे पडत होती. पहिल्या महिन्यांतली उणीव अनेक वर्षांनी, वेगळ्याच कौशल्यात उघडी पडली.

मुदत टळून गेल्यावर काय उरते, याचे सर्वांत आशादायी उत्तर भारतातून आले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने दिल्लीच्या श्रॉफ चॅरिटी नेत्र रुग्णालयाच्या साथीने, जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर उपचार करता करता त्यांच्या पाहण्याचा अभ्यास केला. आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांना दृष्टी आल्याबरोबर एक वस्तू हाताने चाचपायला दिली आणि मग दोन वस्तूंमधून तीच नजरेने ओळखायला सांगितली. ते त्यांना जमेना. हाताचे ज्ञान डोळ्याला आपोआप मिळत नाही, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवले. पण काही दिवसांतच मुलांना ते जमू लागले. अशा मुलांची बारकावे टिपण्याची नजर बहुधा अधूच राहते, तरी वस्तू ओळखणे, वावरणे, चेहरे पाहणे यांत त्यांची खरी प्रगती होते. उशिरा मिळालेली दृष्टी वेळेवरच्या दृष्टीइतकी नसली तरी ती नाकारण्याइतकी थोडी खासच नसते.

खिडकी उघडते आणि मिटते कशी

पेशीच्या पातळीवर हे कसे घडते? दोन पेशी एकाच वेळी उत्तेजित झाल्या तर दुसऱ्या पेशीवरचे एनएमडीए नावाचे ग्राही उघडतात, कॅल्शियम आत जाते आणि ती जोडणी बळकट होते. वेळ जुळत नाही त्या जोडण्या दुबळ्या होत जातात. मग मायक्रोग्लिया या मेंदूतल्या रक्षक पेशी पुढे येतात. रोगप्रतिकारशक्तीची काही प्रथिने छाटायच्या चेतासंधींवर खूण करतात आणि मायक्रोग्लिया त्या गिळून टाकतात, हे बेथ स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ ते २०१२ या काळात उंदरांवर दाखवले.

हे काम बाहेरच्या अनुभवाची वाट पाहत थांबत नाही. डोळे उघडण्याआधीच पिल्लांच्या नेत्रपटलावर विद्युत लहरी आपणहून फिरत असतात आणि डोळ्यापासून मेंदूपर्यंतची पहिली ढोबळ आखणी त्यांच्या आधाराने होते. प्रकाश येतो तो ही आखणी रेखीव करायला. बाहेरून येणाऱ्या संकेतांचे बळ किती, हे मूळचे भारतीय असलेल्या मृगांक सूर यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. त्यांनी फेरेट या प्राण्याच्या नवजात पिल्लांत डोळ्याचे तंतू श्रवणमार्गाकडे वळवले. तेव्हा ऐकण्याच्या भागात पाहण्याच्या भागासारखी रचना उमटू लागली आणि त्या प्राण्यांनी तिथे पोचलेल्या प्रकाशाला ‘पाहिल्या’सारखे प्रतिसाद दिले.

संवेदनशील काळ उघडतो आणि मिटतो तो मेंदूतल्या शांत करणाऱ्या पेशींमुळे. गाबा हे रसायन वापरणाऱ्या काही पेशी पक्व झाल्या की हा काळ सुरू होतो. गाबाची निर्मिती कमी असलेल्या उंदरांत तो सुरूच होत नाही आणि औषधाने गाबाचा परिणाम वाढवला की सुरू होतो, हे ताकाओ हेन्श यांनी १९९८ मध्ये दाखवले. पुढे याच पेशींभोवती प्रथिने आणि शर्करांचे घट्ट जाळे विणले जाते आणि बदलाला लगाम बसतो. इटलीतील संशोधकांनी २००२ मध्ये मोठ्या उंदरांत हे जाळे विकराने विरघळवले, तेव्हा बालपणासारखी लवचिकता परत आली. म्हणजे काळ संपतो तेव्हा क्षमता नाहीशी होत नाही. तिला आवर घातलेला असतो. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत सात ते बारा वर्षांच्या बऱ्याच मुलांचा आळशी डोळाही उपचाराने सुधारला, त्यामागचे कारण हेच असावे.

कानाची घाई सर्वांत मोठी

श्रवणाचा आरंभ पोटातच होतो. नवजात बाळ अनोळखी बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करते, हे अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फिफर यांनी १९८० मध्ये दाखवले. आईने गरोदरपणी रोज वाचलेला मजकूरही बाळाला ओळखीचा वाटतो, असे पुढच्या प्रयोगात दिसले.

जन्मतः बहिऱ्या बाळाचा हा आरंभच हुकतो. जगभरात साधारण हजारी एक ते तीन बाळांना जन्मापासून नीट ऐकू येत नाही. त्यांच्या मेंदूचा श्रवणभाग रिकामा राहत नाही. पाहण्याची आणि स्पर्शाची कामे हळूहळू तिथे पाय पसरतात. अनु शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायचे यंत्र, बसवलेल्या मुलांच्या मेंदूतील विद्युत प्रतिसाद मोजले. साडेतीन वर्षांच्या आत यंत्र बसवलेल्या मुलांचा प्रतिसाद लवकरच ऐकू येणाऱ्या मुलांसारखा झाला. सात वर्षांनंतर बसवलेल्या बहुतेकांचा तसा झाला नाही. यंत्र तेच असले तरी ते कधी बसवले यावर सारे अवलंबून होते.

म्हणून जगभरचे श्रवणतज्ज्ञ एक-तीन-सहाचा नियम सांगतात: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय. ओएई या चाचणीत बाळाच्या कानात छोटी कळी ठेवून काही मिनिटांत उत्तर मिळते. बाळ झोपलेले असले तरी चालते. शंका आली तर आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी बेरा चाचणी करतात. मुंबईच्या वांद्र्यात १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी उभी आहे, आणि पद्मश्री मिलिंद कीर्तने यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी कॉक्लिअर इम्प्लांट भारतात रुजवले.

शस्त्रक्रिया न झालेल्या मुलांची गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. भाषेला आवाजच लागतो असे नाही. लॉरा-ॲन पेटिटो यांनी बहिऱ्या आईबापांच्या बहिऱ्या बाळांना हातांनी ‘बडबडताना’ टिपले. ऐकू येणारी बाळे ‘बाबाबा’ करतात तशीच हातांची लयबद्ध अक्षरे. खुणांची भाषा वेळेवर मिळाली की मेंदूचे भाषाकेंद्र तिलाच आपली भाषा मानून घडते. कोणतीच भाषा न मिळणे हे खरे नुकसान आहे आणि ते टाळणे घराच्या हातात आहे.

स्पर्श आणि माणसाची साथ

उंदराची एक मिशी जन्मानंतर लगेच नष्ट केली तर मेंदूतले तिचे ठरलेले ठाणे नीट घडत नाही, हे १९७३ पासून ठाऊक आहे. माणसाच्या बाळासाठी स्पर्शाचे महत्त्व कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये नव्याने कळले. बाळांना ऊबेत ठेवायच्या पेट्या अपुऱ्या होत्या म्हणून कमी दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीशी धरायला सुरुवात झाली. आज कांगारू मदर केअर जगभर मान्य आहे. आपल्याकडची तेलाची मालीशही तपासली गेली आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने मालीश केलेल्या, कमी दिवसांच्या बाळांचे वजन अधिक वाढले. हा पुरावा वजनाचा आहे, बुद्धीचा नाही. पण आजीचा हात बाळाला अपाय करत नाही, एवढे तो नक्की सांगतो. डोळ्यांत काजळ घालणे मात्र सोडून द्यावे. त्यात शिसे असू शकते.

माणसाची साथच नसेल तर काय होते, हे रुमानियाच्या अनाथालयांनी दाखवले. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमधील १३६ मुलांचा अभ्यास केला. त्यांतली निम्मी मुले चिठ्ठ्या टाकून पालक कुटुंबांकडे दिली गेली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांची बुद्धी आणि मेंदूची विद्युत क्रिया स्पष्टपणे अधिक सावरली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांनी बालपणीच्या ताणाचा मेंदूतील सेरोटोनिन ग्राहींवर होणारा दीर्घ परिणाम प्राण्यांत तपासला आहे. उपेक्षेलाही जैविक खूण असते, हे अशा अभ्यासांनी सिद्ध केले.

घाई कशाची करावी, कशाची करू नये

हे सगळे ऐकून आईबापांच्या मनात धास्ती बसते आणि त्या धास्तीवर एक बाजारही उभा राहतो. म्हणून विल्यम ग्रीनो यांनी १९८७ मध्ये केलेला भेद प्रत्येक पालकाला माहीत हवा. काही अनुभव मेंदू गृहीत धरूनच जन्माला येतो: प्रकाश, आकार, आवाज, स्पर्श, कोणाचे तरी बोलणे. ते ठरावीक काळात मिळालेच पाहिजेत. पण ते कोणत्याही साध्या घरात, अंगणात आपोआप मिळतात. दुसरे अनुभव ज्याचे त्याचे असतात: तबला, गणित, तिसरी भाषा, बागेची मशागत. त्यांच्या जोडण्या आयुष्यभर बनत राहतात आणि त्यांना तशी मुदत नसते.

पालक घाई करतात ती दुसऱ्या प्रकाराची. मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते हा बोलबाला १९९३ च्या एका प्रयोगावरून झाला. तो प्रयोग बाळांवर नव्हे तर महाविद्यालयीन तरुणांवर होता आणि परिणाम काही मिनिटांतच ओसरला होता. गर्भसंस्काराच्या वर्गांनाही हेच लागू आहे. बाळ पोटात आईचा आवाज ऐकते हे खरे. त्यावरून ऐकवलेल्या श्लोकांनी बुद्ध्यांक वाढतो असे निघत नाही. मोबाइलबद्दल पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोग पुरेसा बोलका आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी मँडरिन ही चिनी भाषा बोलणारी माणसे समोर बसून खेळली, बोलली, तेव्हा बाळे मँडरिनचे आवाज शिकली. त्याच माणसांच्या व्हिडिओवरून काहीच शिकली नाहीत. आणि लोधीखेड्यासारख्या सीमेवरच्या गावात घरी मराठी बोलल्याने मूल हिंदीत मागे पडेल, ही भीती निराधार आहे. तान्हे बाळ दोन भाषा पेलू शकते. त्याला हव्यात त्या भाषा बोलणारी, त्याच्याकडे पाहणारी माणसे.

बेचाळिसावा दिवस

पहिल्या प्रकारच्या अनुभवात अडथळा येतो तो मोतीबिंदूने, बहिरेपणाने, किंवा कमी दिवसांच्या बाळाच्या नेत्रपटलाच्या विकाराने. हे अडथळे घराने कितीही माया केली तरी दूर होत नाहीत. तिथे यंत्रणा वेळेवर पोचली पाहिजे. या तीनही दोषांचा समावेश असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झाला आणि तो मध्य प्रदेशातही चालतो. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. सहा आठवड्यांच्या मुदतीला ती पुरी पडणार नाहीत. पण आशाताई नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते आणि या नवजात-भेटींपैकी शेवटची बेचाळिसाव्या दिवशी असते. बेचाळीस दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. त्याच सुमारास दीड महिन्याची लसही असते.

म्हणून डोळ्याची तपासणी या शेवटच्या भेटीवर सोडायची नाही, ती प्रसूतीच्या दवाखान्यातच, घरी सोडण्याआधी व्हायला हवी: बाहुलीवर प्रकाश टाकून लाल चमक दिसते की पांढरी झाक, हे पाहायला डॉक्टरला मिनिटभर लागते. चौतीस आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचे नेत्रपटल तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाने पाहावे. कानाची ओएई चाचणी पहिल्या महिन्यात व्हावी, आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने कार्डावर या तिन्ही नोंदी आहेत की नाहीत ते पडताळावे. प्रत्येक दवाखान्याला यंत्र परवडत नसेल तर कोचीचा मार्ग आहे: तिथे २००३ पासून एकच यंत्र आणि एकच प्रशिक्षित व्यक्ती अनेक रुग्णालयांत फिरवून बाळांचे कान तपासले गेले. सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा या अंतरात हे सहज बसेल.

लोधीखेडा ज्यात येते तो, २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा आपली घडी बसवतो आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता, आणि मोठ्या दुखण्याला इथला माणूस अजूनही नागपूरच गाठतो. योजना भोपाळची आणि दवाखाना नागपूरचा, अशा ठिकाणी बाळाचा कागद दोन राज्यांच्या मध्ये अडकता कामा नये. नव्या जिल्ह्याने जन्माच्या नोंदीबरोबर डोळा आणि कान तपासल्याची नोंद सक्तीची केली, आणि संशयित बाळाला नागपूरच्या तज्ज्ञापर्यंत नेण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर सोपवली, तर मेंदूविज्ञानाने साठ वर्षांत जे शोधले त्याचा लाभ लोधीखेड्यातल्या बाळाला त्याच्या मुदतीत मिळेल. बाकीचे, म्हणजे बोलणे, गाणे, कुशीत घेणे, तिथली घरे आधीपासून करतच आहेत.